आवाजाची टिक

नंदूदादा,

तुझ्यावर चार ओळी लिहून दे म्हणून राणेकाका मागे लागलेत. चाळीच्या वार्षिक अहवालात शेवटून दुसरं पान तुझ्यासाठी ठेवलंय. "मनमिळाऊ, हसतमुख, सगळ्यांच्या लग्नकार्यात पुढे, असं काहीतरी लिही. तुला पत्रकं लिहायची सवय आहे, अर्ध्या तासाचं काम." भाडेकरू कमिटीचे सेक्रेटरी झाल्यापासून राणेकाका प्रत्येक मयतावर हेच छापत आलेत. फक्त नाव बदलतं.

मी ते लिहिणार नाही. तू मनमिळाऊ नव्हतास. तू हट्टी होतास, आपलंच खरं करणारा होतास, आणि आपल्या शेवटच्या भांडणात मी तुला फ्रॉड म्हटलं होतं. तू म्हणाला होतास, "जा, पत्रक छाप." त्यानंतर आठच दिवसांत तू गेलास. तेही तुझ्याच पद्धतीने. ताप अंगावर काढलास, वहिनीला डॉक्टरचं नाव काढू दिलं नाहीस, आणि शेवटी तिने टॅक्सीत घालून नेलं तोवर फार उशीर झाला होता. याला काय म्हणायचं? चाळीतली माणसं "सोसणारा होता" म्हणतात. मी बेजबाबदारपणा म्हणते.

माणूस गेला की त्याच्याशी भांडण मिटलं असं समजायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती मान्य नाही. मला अजून बोलायचंय, आणि राणेकाकांना छापायचं असेल तर सगळं छापावं, नाहीतर ते पान कोरं सोडावं.

चौकातली ती रविवारची सभा. सकाळी अकराची. आपली चाळ पाडून तिथे टॉवर उठवायला निघालेल्या बिल्डरचा माणूस आला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, तोंडात पुस्तकातलं मराठी. सगळे त्याला साहेब म्हणत होते. मी त्याला साहेब म्हटलं नाही, हे तू नंतर मला ऐकवलंस: "एवढं बोलली असतीस तर काय झिजली असतीस?" तू तुझा लग्नांच्या शूटिंगचा कॅमेरा घेऊन, कॅरमच्या टेबलावर चढून शूटिंग करत होतास, कारण मी सांगितलं होतं. तोंडी आश्वासनावर माझा विश्वास नाही. चित्र आणि आवाज दोन्ही पाहिजे, असं मी तुला बजावलं होतं. माझेच शब्द.

आणि मग जिन्याखालच्या खोलीतली शेवंतीमावशी उठली. साड्यांना फॉल-पिको करून जिने घर चालवलं ती आपली मावशी. नवरा गिरणीत होता, गिरणी गेली, मग नवरा गेला, मशीन राहिलं. त्या खोलीची भाडेपावती तिच्या नावावर नाही, कोणाच्याच नावावर नाही, कारण कागदावर ती खोलीच नाही. कागदावर तिथे जिना आहे. मावशी उभी राहून म्हणाली, "साहेब, जिन्याखालच्यांचं काय? पावती नाय माझ्याकडे. पण सून म्हणून आले ती तिथंच आले." तो माणूस चष्मा वर सरकवून म्हणाला, "आजी, तुमची खोली धरलेली आहे. इथेच, याच जागेवर घर मिळणार. निश्चिंत राहा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. तूही वाजवल्यास, एका हाताने मांडीवर, कॅमेरा न हलवता.

मावशीची खोली एवढ्या एका वाक्यावर उभी होती, आणि ते वाक्य तुझ्या कॅमेऱ्याच्या कार्डावर होतं.

त्याच संध्याकाळी तू कार्ड घेऊन माझ्या खोलीत आलास. माझ्या लॅपटॉपमध्ये घातलंस. फाइल उघडली तर आवाज स्वच्छ आणि पडदा काळा. मावशीचं बोलणं ऐकू येत होतं, त्या माणसाचं "खोली धरलेली आहे" ऐकू येत होतं, टाळ्या ऐकू येत होत्या, चित्र मात्र काही नाही. तू म्हणालास, "कॅमेऱ्याची एमटीएस फाइल आहे. तुझ्या या डब्याला झेपणार नाही. घरी कन्व्हर्ट करून देतो." मी म्हटलं, "चित्र दिसलं पाहिजे. नुसत्या आवाजाला तो उद्या म्हणेल, मी नव्हेच." आणि वर हेही म्हटलं, "फाइल हलकी कर. व्हॉट्सॲपवर सगळ्यांना गेली पाहिजे."

कार्डातून लॅपटॉपवर कॉपी करून घ्यायचं माझ्या डोक्यात आलं नाही, आणि आलं असतं तरी जागा नव्हती. सगळी जागा माझ्या पत्रकांनी आणि मोर्च्यांच्या फोटोंनी भरलेली.

तुझ्या घरचं कन्व्हर्ट म्हणजे सगळ्या मजल्याला शिक्षा. कॉम्प्युटरचं एका बाजूचं पत्र्याचं झाकण काढलेलं, आत टेबलफॅनचा वारा सोडलेला, आणि तू स्टुलावर बसून टक्के मोजणार. अकरा टक्के. बारा टक्के. मी गेले तेव्हा वहिनी वाटीत ओलं खोबरं घेऊन उभी होती.

"मिक्सर लावू नको," तू म्हणालास. "लाइट गेली तर पहिल्यापासून करावं लागेल."

"मग वाटण?"

"पाट्यावर वाट."

"पाट्यावर तुमची कॅमेऱ्याची बॅग आहे."

"मग आज सुकी भाजी कर."

वहिनीने माझ्याकडे बघितलं. "तुझ्या त्या क्रांतीपायी हे माझं रोजचं झालंय हो सायली." मी हसले. तू हसला नाहीस, तेवीस टक्क्यांवर नजर लावून बसला होतास. हलणाऱ्या माणसांच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा येतात, त्या कशा घालवायच्या ते तू मला समजावत होतास. मला त्यातलं काही नको होतं. मला ती दोन मिनिटं हवी होती. पण खरं सांगायचं तर तू ज्या मायेने त्या रेघा पुसत होतास, ते बघत बसायला मला आवडलं होतं. तेव्हा बोलले नाही. आमच्यासारख्यांना कामाच्या माणसाचं कौतुक करायचं कोणी शिकवलेलंच नाही. आम्हाला निषेध शिकवलाय.

दुसऱ्या दिवशी तू फाइल पाठवलीस. मी प्रभादेवीहून बसने येत होते. इयरफोन नव्हता, म्हणून आवाज बंद करून बघितली. चित्र लख्ख होतं. मावशी उठली, तो माणूस चष्मा सरकवून बोलला. आवाज तर मी आधीच ऐकला होता, मी चित्रच तपासत होते. तुझा मेसेज आला: "सगळं उघडतंय का बघ. कार्ड रिकामं करू का? उद्या वरळी कोळीवाड्याला हळद आहे." मी अंगठा पाठवला, आणि खाली लिहिलं, "ओके, उडव."

तू उडवलंस.

महिनाभर कोणी ती फाइल उघडली नाही. कशाला उघडेल? खोली धरलेली होती. मग पात्र भाडेकरूंची यादी लागली आणि जिन्याखालच्या खोल्या तीत नव्हत्या. मावशी चष्मा घालून दोनदा यादी वाचून आली आणि मशीनवर जाऊन बसली, पण मशीन चालवलं नाही. मी म्हटलं, "घाबरू नकोस, आपल्याकडे पुरावा आहे." चौकात खुर्चीवर लॅपटॉप ठेवला, स्पीकर जोडला, सगळ्यांना बोलावलं. फाइल लावली. मावशीचे ओठ हलले. त्या माणसाचे ओठ हलले. चौकात नुसता शेंगदाणेवाल्याच्या झाऱ्याचा आवाज येत होता.

मी स्पीकर बदलला, वायर बदलली, दुसऱ्या मोबाइलवर लावून बघितलं. मग तुला वरून बोलावून आणलं. तू एकदा बघितलंस आणि तुझा चेहरा पडला. "लग्नाचा साचा लागला," म्हणालास.

हे लोकांना कळलं नाही, म्हणून इथे सांगते. लग्नाच्या शूटिंगचा आवाज तू कधीच ठेवत नव्हतास. भटजींचा खोकला, आचाऱ्याची आरडाओरड, मानपानावरून चाललेली कुजबुज, हे सगळं कोणाला पाहिजे असतं? वर गाणीच टाकायची असतात. म्हणून कन्व्हर्ट करायच्या प्रोग्राममध्ये तू एक साचा करून ठेवला होतास, 'लग्न' नावाचा, आणि त्यात आवाजाच्या चौकटीतली टिक काढून टाकलेली होती. काम लवकर होतं, फाइल हलकी होते. वर्षानुवर्षं तुझा हात त्याच साच्यावर जात होता. त्या दिवशीही गेला. आपली सभा तू लग्नासारखी कन्व्हर्ट केलीस.

"आणि कार्ड?" मी विचारलं.

"कार्डावर हळद घेतली. त्यानंतर आणखी दोन लग्नं."

मग पहिल्या मजल्याच्या गॅलरीत, सगळ्यांसमोर, मी तुला काय काय बोलले ते चाळीने ऐकलंय. निष्काळजी म्हटलं. लग्नाचा बँडवाला म्हटलं. आणि मग, तू उलट बोलेनास म्हणून चेव येऊन, विचारलं, "किती दिवस ओळखतोस रे त्या बिल्डरच्या माणसाला?" एवढंच. पण एवढं पुरतं. पत्रकं लिहून मला एक गोष्ट चांगली कळलीय, आरोप पुरा करायचा नसतो. अर्धा सोडला की उरलेला लोक आपापल्या घरी जाऊन पुरा करतात. संध्याकाळपर्यंत सगळ्या चाळीत तू विकला गेला होतास.

तू फक्त म्हणालास, "चूक झाली. टिक लावायची राहिली." आणि माझ्याकडे बघितलंस.

तो अंगठा मला तेव्हा आठवत नव्हता असं मी इथे लिहू शकते. कोण तपासायला येणारेय? पण मला आठवत होता. तू बघितलंस तेव्हाच आठवला. मी खाली उतरले, खोलीत जाऊन मोबाइल काढला, आपला मेसेज वाचला आणि मोबाइल पालथा ठेवला. बाहेर मावशी तुला शिव्या घालत होती आणि मी आतून ऐकत होते.

तू का गप्प बसलास? एक मेसेज लोकांसमोर धरायचा होता, बस. मी तोंडावर आपटले असते, दोन दिवस रडले असते, तिसऱ्या दिवशी आपण कामाला लागलो असतो. ते तू केलं नाहीस. लोक याला मोठं मन म्हणतील. मला त्या मोठ्या मनाचा संताप येतो. तुझ्या गप्प बसण्याने मी रोज थोडी खोटी होत गेले, आणि तू वरच्या मजल्यावरून ते बघत बसलास.

तीन महिन्यांनी तू आपणहून मला वर बोलावलंस. चेहऱ्यावर तेज वगैरे. खिडक्यांना गोधड्या लावलेल्या, दाराला सतरंजी. पंखा बंद, वहिनी घामाघूम. "बस," म्हणालास, "आणि गप्प राहून बघ."

तू फाइल लावलीस आणि तिला आवाज होता.

मावशी बोलली, मावशीच्याच आवाजात: "साहेब, जिन्याखालच्यांचं काय?" ओठ जुळत होते. राणेकाकांचा प्रश्न राणेकाकांच्या आवाजात. आणि मग त्या माणसाने चष्मा सरकवला आणि बोलला, "आजी, तुमची खोली धरलेली आहे." पुस्तकातलं मराठी, तो शेवटी जरा नाकात जाणारा सूर, सगळं हुबेहूब. टाळ्या. क्षणभर वाटलं, मिळाली. मूळ फाइल मिळाली.

"टाळ्या परळच्या बारशातल्या आहेत," तू म्हणालास. "बाकी सगळ्यांना एकेक करून बोलावलं. मावशीने मला शिव्या घालत घालत चाळीस वेळा म्हटलं असेल. ओठ जुळेपर्यंत सोडलं नाही म्हातारीला."

"आणि तो?"

तू खाकरलास. आणि त्या माणसाच्या आवाजात म्हणालास, "निश्चिंत राहा."

मग मी फुटले. म्हटलं, हे आपण यादीवरच्या सुनावणीत दिलं आणि त्यांच्या वकिलाने पकडलं, तर मावशीची एकटीची नाही, सगळ्या चाळीची केस जाईल. म्हटलं, हे फ्रॉड आहे. तू थंडपणे म्हणालास, "फ्रॉड कुठे? तो बोलला ते खरं ना? तू ऐकलंस ना? जे बोलला तेच टाकलंय, एक शब्द इकडचा तिकडे नाही. लग्नात मंगलाष्टकं आम्ही नंतरच टाकतो. म्हणून काय ते लग्न खोटं?"

"लग्नाला कोणी कोर्टात पुरावा म्हणून दाखवत नाही."

"घटस्फोटात दाखवतात. माझीच दोन गेलीत."

वहिनी हसली. मी हसले नाही. "दादा, तो बोलला म्हणून तू बोलायचं? त्याच्या तोंडाने?"

"मग कोणी बोलायचं? तो बोलणारेय परत?"

उत्तर नसलं की मी आवाज चढवते, तो चढवला. फ्रॉड म्हटलं, दार उघडं ठेवून म्हटलं, मजल्याने ऐकलं. तू म्हणालास, "जा, पत्रक छाप." हे आपलं शेवटचं.

हे भांडण माझ्या बाजूने सुटलंय असं मला अजूनही वाटतं. तू फ्रॉडच करत होतास. तू गेलास म्हणून तो शब्द मी मागे घेणार नाही. पण ज्या तोंडाने मी तो उच्चारला, ते तोंड स्वच्छ नव्हतं. तू खोटा आवाज टाकून खरं सांगायला निघाला होतास, आणि मी खरं बोलण्याचा आव आणून खोटं लपवत होते.

तेरावं झाल्यावर वहिनी खाली आली. हातात पेनड्राइव्ह. म्हणाली, "ती सभेची फाइल, आवाजवाली, माझ्या मोबाइलवर घालून दे." मी विचारलं, कशाला? तर म्हणाली, "ह्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही गं. जन्मभर दुसऱ्यांची लग्नं काढली, स्वतः कधी कॅमेऱ्यासमोर आले नाहीत. हजारभर सीड्या आहेत घरात, एकात हे नाहीत." मी फाइल घालून दिली. तिने तिथेच लावली. आणि तो पांढऱ्या शर्टातला माणूस, ज्याचा मला मनस्वी तिरस्कार आहे, तो तुझ्या आवाजात म्हणाला, निश्चिंत राहा. वहिनी पडद्याकडे बघत नव्हती. डोळे मिटून ऐकत होती. मला उठून जावं लागलं.

बघ काय करून ठेवलंस. तुझा आवाज उरला तोही त्याच्या तोंडात.

सुनावणी परवा झाली. आदल्या दिवशी राणेकाका म्हणाले, "ती नंदूची फाइलच लावू या. कोणाला कळतंय?" मी म्हटलं, तसं केलंत तर मी स्वतः उठून सांगेन. मग म्हणाले, "बरं, मुकी लाव. पण मूळ कुठे गेली असं विचारलं तर सांगायचं, नंदूने उडवली, नंदू वारला. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?" कमिटीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. जो मेल्यावर चार ओळींत मनमिळाऊ ठरणार होता, त्याच्यावर आदल्या दिवशी सगळं ढकलायला एकालाही काही वाटलं नाही. मी हो म्हटलं नाही, तसं नाहीही म्हटलं नाही.

कचेरीतली अधिकारी बाई कंटाळलेली होती. समोर फायलींचा ढीग. मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला आणि मुकी फाइल लावली. "आवाज?" तिने विचारलं. मी म्हटलं, नाहीये. बिल्डरचा वकील छान हसला. त्याच्या शेजारी तो माणूस बसला होता, तोच, शर्ट फक्त निळा.

पडद्यावर मावशी उठली. आणि इकडे बाकावरून खरी मावशी उठली. मी तिला काही सांगितलं नव्हतं, आईशप्पथ. पडद्यावरच्या मावशीचे ओठ हलले आणि बाकावरची बोलली, "साहेब, जिन्याखालच्यांचं काय? पावती नाय माझ्याकडे. पण सून म्हणून आले ती तिथंच आले." शब्दाला शब्द, श्वासाला श्वास. चाळीस वेळा घोटून घेतलं होतंस ना तू. कचेरीतला शिपाई दारात थांबून बघायला लागला.

"आजी, बसा," ती अधिकारी बाई म्हणाली. मग मला म्हणाली, "परत लावा." मावशी परत बोलली. तस्संच. वकील म्हणाला, हे काय नाटक आहे. ती म्हणाली, "बाई स्वतःच्या तोंडाने स्वतःचं बोलतायत. तुम्हाला काय अडचण आहे?"

आणि पुढे त्या माणसाने पडद्यावर चष्मा सरकवला. त्याचे ओठ हलायला लागले आणि कोणीच बोललं नाही. ती तुझी जागा होती, दादा. आमच्यातले सगळे, माझ्यासकट, अर्धा क्षण तुझ्या आवाजासाठी थांबले. तू असतास तर बोलला असतास, मला माहीत आहे, तुला राहवलं नसतं. आणि तिथेच सगळं बुडवलं असतंस.

ती बाई त्या माणसाकडे वळली. "हे तुम्हीच ना? काय बोलताय इथे?"

"आठवत नाही, मॅडम."

"लिहून घ्या," तिने कारकुनाला सांगितलं. "आठवत नाही."

मग वकील उठला. म्हणाला, मूळ रेकॉर्डिंगमध्ये आवाज असणारच. तो यांच्याच माणसाने काढून टाकला, कारण त्यात माझ्या अशिलाने अटी घातल्या होत्या. मूळ नष्ट केलं, आणि ज्याने नष्ट केलं तो आता हयात नाही. फार सोयीचं आहे. राणेकाकांनी मागून माझी ओढणी धरली. मला त्या ओढणीचा राग आला, वकिलाचा आला, तुझा तर आलाच. उभी राहिले.

"मूळ मी उडवायला सांगितलं," मी म्हटलं. "मेसेज आहे माझ्याकडे. आवाज तपासला नाही. त्याने विचारलं होतं, मी ओके म्हटलं." मोबाइल तिच्यासमोर ठेवला. तिने चष्मा लावून वाचलं. तुझी वरळीची हळद वाचली, माझा अंगठा बघितला. दिवस बघितला, सभेच्या दुसऱ्याच दिवसाचा, यादी लागायच्या खूप आधीचा. "उद्या हळद आहे म्हणून पुरावा पुसला," ती स्वतःशीच म्हणाली. "असं कोणी मुद्दाम करत नाही." मावशीचं नाव तूर्त यादीत धरलंय. तूर्त. सगळ्यांचे जबाब लेखी घेणार आहेत, मग पुढची तारीख. जिंकलो असं नाही. पण खोली अजून आहे.

मावशीला चालवत नाही म्हणून टॅक्सी केली. मागे मी आणि ती.

"म्हणजे उडव म्हणून तू सांगितलं होतंस."

"हो."

"आणि मी तीन महिने त्या झिलाक शिव्या घातलंय. जिन्यात गाठून घातलंय. त्याने दार लावल्यान तर भायरसून घातलंय."

"हो मावशी."

"आता त्यो कशो परत घेव?"

दादर मागे पडलं. मग ती माझ्याकडे वळून बसली आणि सुरू झाली. मालवणीत, पहिल्यापासून, एकही न गाळता, जिथे जिथे तुला घातल्या होत्या त्या सगळ्या. ड्रायव्हरने आरसा फिरवून बघितलं आणि परत नीट केला. लालबाग येईपर्यंत तिची दमछाक झाली. चाळीच्या तोंडाशी उतरताना म्हणाली, "आता वर जा, चेडवा. त्याच्या बायलेक सांग. ता मी सांगूचंय नाय."

मी वर गेले. वहिनी तांदूळ निवडत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, मेसेज दाखवायला मोबाइल पुढे केला. तिने तो हातात घेतला नाही.

"मला माहितीये," ती म्हणाली. "गॅलरीत भांडलात त्याच दिवशी ह्यांनी दाखवला होता. मी म्हटलं, खाली जाऊन सगळ्यांना दाखवा. तर म्हणाले, नको, ती येईल. आपणहून सांगेल, मग बोलू." तिने ताटातला एक खडा काढून बाजूला ठेवला. "रोज संध्याकाळी दार उघडं ठेवायचे."

तीन महिने, दादा. मधे एकच मजला होता.